स्कॅनमधलं चित्र कोणीतरी काढलेलं असतं

सीटी स्कॅनची फिल्म हातात आली की आपण सगळेच ती खिडकीच्या उजेडात धरून बघतो, काही कळत नसलं तरी बघतो, आणि मनात धरून चालतो की हा शरीराच्या आतला फोटो आहे. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटायचं. पण सीटीचं मशीन फोटो काढतच नाही, ते आकडे काढतं. एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते, कुठल्या बाजूने किती किरण आरपार गेले आणि किती आतच अडले हे मोजलं जातं, आणि मग कॉम्प्युटर उलटं गणित करून शरीराच्या प्रत्येक बारीक ठोकळ्याला एक आकडा देतो. पाणी म्हणजे 0, हवा म्हणजे उणे 1000, चरबी उणे 100 च्या आसपास, टणक हाड 1000 किंवा त्याच्याही वर. हे माप ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो गॉडफ्रे हौन्सफील्ड इंजिनिअर होता, डॉक्टर नव्हे. त्याच्या मशीनवर 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र होतं 80 बाय 80 चौकोनांचं, म्हणजे सगळे मिळून 6400 ठिपके, आणि तेवढ्यातही मेंदूतली गाठ दिसली.

तर हातात आकडे आले, आता ते दाखवायचे कसे, हा खरा प्रश्न. आजच्या स्कॅनमध्ये साधारण 4096 वेगवेगळे आकडे असू शकतात आणि साध्या स्क्रीनवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा असतात 256. सगळे आकडे सारखे वाटून टाकले तर 16 आकड्यांना मिळून एक छटा येते. आणि मेंदूच्या राखाडी भागात आणि पांढऱ्या भागात फरक किती, तर जेमतेम दहाएक आकड्यांचा! म्हणजे सगळं प्रामाणिकपणे दाखवायला गेलं तर अख्खा मेंदू एकाच करड्या गोळ्यासारखा दिसणार, काहीच कळणार नाही. म्हणून रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणारे डॉक्टर, काय करतात, तर 0 ते 80 एवढीच पट्टी घेतात, तिच्यावर सगळ्या छटा पसरवतात, त्याच्या खालचं सगळं काळं आणि वरचं सगळं पांढरं करून टाकतात. याला विंडो म्हणतात. आता मेंदूचे भाग वेगळे दिसायला लागतात, पण कवटी मात्र नुसती पांढरीफेक, तिच्यात बारीक फ्रॅक्चर असलं तरी ते त्या पांढऱ्यात बुडून जाणार. ते बघायला हाडाची विंडो वेगळी, आणि छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसाची आणखी वेगळी. पेशंट तोच, स्कॅन तोच, आकडे तेच, आणि चित्रं मात्र निरनिराळी, एकाकडे बघून दुसऱ्याची कल्पनाही येऊ नये इतकी वेगळी.

हे समजलं तेव्हापासून मला स्कॅनकडे चित्र म्हणून बघितल्याशिवाय राहवत नाही. कारण चित्रकार दुसरं काय करतो, काय उजेडात ठेवायचं आणि काय अंधारात सोडून द्यायचं हेच ठरवत असतो ना. मेडिकल आणि आर्ट एकत्र आणायचं म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर हॉस्पिटलच्या भिंतीवरची छान छान चित्रं येतात. ती असावीत, पण मी बोलतोय ते त्याबद्दल नाही. कला इथे सजावटीला आलेली नाही, ती निदानाच्या आतच बसलेली आहे.

रंगांचं बघा. डॉपलर सोनोग्राफीत, म्हणजे वाहतं रक्त दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्त लाल आणि निळं दिसतं, आणि पेशंटला वाटतं लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध. तसं अजिबात नसतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये लाल म्हणजे प्रोबच्या (अंगावर टेकवतात त्या यंत्राच्या) दिशेने येणारं रक्त आणि निळं म्हणजे लांब जाणारं, प्रोब दुसऱ्या बाजूला कलवला की तीच रक्तवाहिनी लालाची निळी होते. तोच प्रकार इंद्रधनुष्याच्या रंगांचा. कॉम्प्युटरवर आकडे रंगवायचे म्हटलं की निळा, हिरवा, पिवळा, लाल ही पट्टी सर्रास वापरली जाते. ती आकर्षक असते, पण पिवळा रंग डोळ्यात भरतो आणि हिरव्याचा पट्टा लांबलचक पसरतो, त्यामुळे जिथे आकडा हळूहळूच बदललाय तिथे उगाच कड दिसते आणि जिथे खरा फरक आहे तो हिरव्यात हरवतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी 2011 मध्ये हृदयाच्या धमन्यांच्या चित्रांवर हे तपासलं, विद्यार्थ्यांना इंद्रधनुष्यी चित्रं दिली आणि विचारपूर्वक निवडलेल्या मोजक्या रंगांचीही दिली, तर दुसऱ्या चित्रांत धोक्याच्या जागा ओळखताना चुका कमी झाल्या. रंगसंगती शिकवण्याची गरज कोणाला आहे असं विचारलं तर मी आधी या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे बोट दाखवीन.

बरं, चित्र उत्तम झालं तरी बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला अजूनही अस्वस्थ करतो. 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या बारीक गाठी शोधायला सांगितलं, हे त्यांचं रोजचं काम. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी एक गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, सरासरी गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना तो दिसलाच नाही! आणि नजर कुठे जातेय ते टिपणारं यंत्र लावलेलं होतं, त्यात कळलं की न दिसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर पडून गेली होती. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, मनाने घेतलं नाही. यात कोणाचा हलगर्जीपणा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण ज्यांना रेडिओलॉजीचा गंधही नाही अशा लोकांनाही तोच प्रयोग दिला तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही गोरिला दिसला नाही. माणूस जे शोधतो तेच त्याला दिसतं, एवढंच.

मग शोधण्याआधी बघायला कसं शिकवायचं? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन नावाचे त्वचारोगाचे प्राध्यापक आणि तिथल्या ब्रिटिश आर्टच्या संग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी एक साधी गोष्ट केली, मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना संग्रहालयात नेऊन जुन्या पेंटिंगसमोर उभं केलं. नियम एकच, आधी जे दिसतंय ते सांगायचं, अर्थ नंतर. ‘ही बाई दुःखी आहे’ असं म्हणायचं नाही. भुवया कशा आहेत, मान कुठे वळलीय, हात कुठे आहे, उजेड कुठून येतोय, हे सगळं सांगून झालं की मग दुःखाचं बोला. पेंटिंग का, तर विद्यार्थ्याला त्यातलं उत्तर आधीपासून माहीत नसतं, त्यामुळे पुस्तकातलं ठोकून देता येत नाही, बघावंच लागतं. नंतर या मुलांना पेशंटचे फोटो दाखवून वर्णन करायला सांगितलं, आणि नेहमीचे वर्ग केलेल्या मुलांपेक्षा यांनी बारकावे जास्त टिपले. 2001 मध्ये हे जामा या नामांकित मेडिकल जर्नलमध्ये आलं आणि पुढे हार्वर्डसकट बऱ्याच ठिकाणी असे कोर्स सुरू झाले.

बघायला शिकण्याचा दुसरा रस्ता हाताने चित्र काढण्याचा. स्पेनच्या सँतियागो रामोन इ काहालला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी डॉक्टरकीला घातलं, आणि त्याने मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या मेंदूच्या पेशींची चित्रं काढली. एकेका चित्रात त्याने अनेक नमुन्यांत दिसलेल्या पेशी एकत्र आणल्या, म्हणजे तसं हुबेहूब दृश्य कुठल्याही एका काचेवर नव्हतंच, आणि तरी मेंदू सुट्या सुट्या पेशींचा बनलाय हे त्या चित्रांनी पटवलं. 1906 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला इटलीचा शास्त्रज्ञ कामिल्लो गॉल्जी याच्याबरोबर मिळालं.

हेन्री व्हँडाइक कार्टरचं नाव तर डॉक्टरांनाही पटकन आठवत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. 1858 च्या ग्रेज ॲनाटॉमी या शरीररचनेच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रं त्याची. त्याआधीच्या पुस्तकांत चित्रावर बहुतेक करून बारीक अक्षरं किंवा आकडे असायचे आणि नावं खाली यादीत, वाचणाऱ्याची नजर सारखी वरखाली. कार्टरने स्नायूचं नाव त्या स्नायूवरच लिहिलं, शिरेचं नाव शिरेच्या वळणाने लिहिलं. केवढा साधा बदल! पण मृतदेहाची चिरफाड करून शिकायला डिसेक्शन टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा त्याने आधी विचार केला होता हे त्यात दिसतं.

आता कॉम्प्युटर हेच काम वेगळ्या थाटात करतो. सीटीच्या आकड्यांवरून शरीराची त्रिमितीय चित्रं बनवताना सिनेमातल्या ॲनिमेशनचं तंत्र वापरतात, त्याला सिनेमॅटिक रेंडरिंगच म्हणतात. उजेडाच्या हजारो किरणांची वाट मोजतात, ते कुठे आपटतात, कुठे विखुरतात, सावली कुठे पडते, आणि त्या सावलीमुळे कुठली रक्तवाहिनी पुढे आणि कुठली मागे हे एका नजरेत कळतं. ऑपरेशनआधी सर्जनला किंवा शिकणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. पण मला त्याची थोडी भीतीही वाटते, कारण ज्या सावलीने खोली दाखवली तीच सावली एखादी बारीक गोष्ट झाकूही शकते, शिवाय कुठला आकडा पारदर्शक करायचा हे कोणीतरी सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं, आणि इतकं खरं दिसणारं चित्र समोर असलं की त्यावर शंका घ्यायचं कोणाला सुचत नाही. म्हणून निदान करताना सीटीचे मूळ करडे काप, म्हणजे शरीराच्या एकेका थराची चित्रं, परत बघावेच लागतात.

आणि एवढी सगळी मशीनं असूनसुद्धा, पेशंटला समजावायची वेळ आली की कितीतरी डॉक्टर स्क्रीन बाजूला ठेवून कोरा कागद ओढतात आणि पेनाने हृदय काढतात. चार कप्पे, दोनतीन नळ्या, एका नळीवर फुली. स्कॅनमधलं बाकी सगळं त्यांनी गाळलेलं असतं, आणि समोरचा माणूस त्या फुलीवर बोट ठेवून पहिल्यांदा प्रश्न विचारतो.