हॅश वाढवायचा की टेबलबेसला रॅम सोडायची?

बुद्धिबळाच्या इंजिनाच्या (चाली शोधणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘हॅश’ आणि ‘सिझिजी पाथ’ (टेबलबेसच्या फायली कुठे आहेत तो पत्ता) हे दोन्ही रकाने असतात, आणि दोन्हींचा मेमरीशी संबंध असतो. त्यामुळे एंडगेमचं (मोजके मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याचं) विश्लेषण रखडलं की बरेच जण हॅशचा आकडा वाढवतात. कित्येकदा त्याने इंजिन आणखी रखडतं.

हॅश म्हणजे इंजिनाची कच्ची वही. आधी घोडा मग उंट, किंवा आधी उंट मग घोडा, अशा दोन्ही क्रमांनी पट तोच होतो. एकदा तपासलेली स्थिती वहीत सापडली की तीच मेहनत पुन्हा घ्यावी लागत नाही. वहीची पानं किती, हे तुम्ही एमबीमध्ये सांगता, आणि इंजिन बंद झालं की ती कोरी होते. स्टॉकफिश या इंजिनात मूळ आकडा फक्त १६ आहे. बरेच थ्रेड (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारे शोध) लावून तासभर विश्लेषण करायचं असेल, तर ही वही काही सेकंदांत भरते. वही किती भरली ते इंजिन ‘हॅशफुल’ या आकड्यात दाखवतं, तो हजारात मोजतात, म्हणजे ९५० दिसलं तर ९५ टक्के भरली. भरली म्हणून काही बिघडत नाही, जुन्या नोंदी खोडून नव्या लिहिल्या जातात. आकडा बदलायचा असेल तर आधी थ्रेड ठरवा, मग हॅश.

टेबलबेस म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या स्थितींची डिस्कवर तयार असलेली उत्तरं. रोनाल्ड द मान यांचे सिझिजी टेबलबेस २०१३ पासून आहेत. राजे आणि प्यादी धरून ५ मोहऱ्यांपर्यंतचा संच साधारण १ जीबी, ६ चा १५० जीबी, आणि ७ चा तब्बल १७ टीबीच्या आसपास. या फायलींसाठी मेमरीचा आकडा द्यायचाच नसतो. वाचलेला भाग ऑपरेटिंग सिस्टीम रिकाम्या रॅममध्ये आपणहून धरून ठेवते. जुन्या नालिमोव्ह टेबलबेसला कॅशेचा आकडा वेगळा द्यावा लागायचा, तो सल्ला अजून फिरतोय. सिझिजीला तो लागू नाही.

आता १६ जीबी रॅमचा संगणक घ्या. हॅशला १४००० दिलं, तर टेबलबेससाठी रॅम जवळपास उरतच नाही आणि प्रत्येक शोध डिस्कवर जातो. ४०९६ किंवा फार तर ८१९२ द्या, बाकी मोकळी सोडा. वाया जातेय असं वाटेल, पण ती कामालाच लागते.

दोष कुठे आहे ते ‘टीबीहिट्स’ (टेबलबेसमध्ये उत्तर किती वेळा सापडलं तो आकडा) सांगतं. तो आकडा वाढतोय पण सेकंदाला तपासलेल्या स्थिती धाडकन घसरल्या, तर डिस्क मागे पडतेय: डब्ल्यूडीएल फायली (जिंकणार, बरोबरी की हरणार, एवढंच सांगणाऱ्या) एसएसडीवर हलवा (डीटीझेड, म्हणजे पुढच्या मारापर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं अंतर सांगणाऱ्या फायली, साध्या डिस्कवर चालतील) किंवा ‘सिझिजी प्रोब डेप्थ’ (किमान किती खोल शोध उरला असेल तरच टेबलबेस पाहायचा) १ वरून वाढवा. टीबीहिट्स शून्य आणि तरीही डिस्क घरघरतेय, तर बहुधा हॅश रॅमबाहेर सांडलाय, तो कमी करा. पटावर ५ मोहरे उरले तरी शून्यच, तर पाथ चुकलाय. अनेक फोल्डर असतील तर विंडोजवर मधे अर्धविराम लागतो, लिनक्सवर कोलन. पूर्ण ५ मोहऱ्यांचा संच सापडला की स्टॉकफिश १४५ डब्ल्यूडीएल फायली मोजतो.

दोन इंजिनं एकमेकांशी खेळवताना हॅश प्रत्येकाचा वेगळा लागतो, म्हणजे ४०९६ चे ८१९२ झाले. टेबलबेसचा रॅममधला भाग मात्र, फायली त्याच असतील तर, दोघांत एकच.