केर्किउस ते थ्येर्थो: एका वाऱ्याच्या नावाची पार्श्वभूमी

स्पेनच्या ईशान्येकडील एब्रो नदीचे खोरे पिरेनीज आणि इबेरियन पर्वतरांगा यांच्यामध्ये सापडले आहे. उत्तरेच्या कँटाब्रियन समुद्रावर हवेचा दाब वाढला आणि भूमध्य समुद्रावर तो उतरला, की या खोऱ्यातून वायव्येचा कोरडा, बोचरा वारा सुटतो. सारागोसा परिसरात त्याला 'थ्येर्थो' म्हणतात.

हे नाव रोमन काळाइतके जुने आहे. इ.स.पू. १९५ मध्ये कॉन्सुल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असलेला थोरला केटो स्पेनच्या मोहिमेवर गेला होता. पुढे त्याने लिहिलेला इतिहास आज सलग उपलब्ध नाही; पण बोलू लागताच तोंडात भरणाऱ्या आणि शस्त्रधारी माणसाला, भरलेल्या गाडीलाही लोळवणाऱ्या 'केर्किउस' वाऱ्याविषयीचे त्याचे वाक्य दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियसने उतरवून ठेवल्यामुळे वाचले. दक्षिण गॉलमध्येही, म्हणजे आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये, हेच नाव रूढ होते, मात्र तिथे ते 'किर्किउस' असे लिहिलेले आढळते. तिथल्या नार्बोनेन्सिस प्रांतात याहून प्रखर वारा नाही, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. हा वारा घरे पाडत असूनही हवा निरोगी राखतो म्हणून रहिवासी त्याचे आभार मानतात आणि ऑगस्टसने गॉलमध्ये असताना त्याचे मंदिर बांधले, अशी नोंद रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने केली आहे.

गरगर फिरण्यावरून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण गेलियसच्या ग्रंथात येते. ते फारसे पटत नाही, कारण हा वारा वावटळीसारखा फिरत नाही, खोऱ्यातून सरळ धावतो.

फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात पुढे 'मिस्ट्रल' हे नाव स्थिरावले. तेही लॅटिनच, 'मागिस्त्रालिस' म्हणजे धन्यासारखा, या शब्दावरून आलेले. त्याच्या पश्चिमेला, नार्बोन आणि कार्कासोनच्या बाजूला, दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत 'सेर्स' टिकला. ईशान्य स्पेनमधील कातालान भाषेतही 'सेर्स'च आहे. 'आ' सोडून शेवटचा स्वर गळणे ही या दोन्ही भाषांची रीतच आहे.

मूळ स्वर कोणता, 'केर्किउस'मधला 'ए' की 'किर्किउस'मधला 'इ', याचा निवाडा मात्र स्पॅनिश करते. लॅटिनमधील आघातयुक्त ऱ्हस्व 'इ'चा स्पॅनिशमध्ये 'ए' होतो, जसे 'किर्कुस'चे 'थेर्को'. ऱ्हस्व 'ए'चा 'ये' होतो, जसे 'पेत्रा'चे 'प्येद्रा'. 'किर्किउस'पासून 'थेर्थो' निघाले असते. प्रत्यक्षात 'थ्येर्थो' आहे. म्हणजे एब्रोकाठच्या लोकांच्या तोंडी केटोने लिहिलेला 'ए'च होता.