झेल्डा खेळमालिकेतील वस्तू व बक्षिसे

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या साहसप्रधान व्हिडिओ गेम-मालिकेत नायक लिंक याला मिळणारी शस्त्रे, साधने, पोशाख, चलन व आयुष्य वाढवणाऱ्या वस्तू, तसेच त्या कोणत्या श्रमांच्या बदल्यात आणि केव्हा मिळाव्यात यांविषयी चाहत्यांमध्ये चालत आलेला वाद. मालिकेचा पहिला खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम डिस्क सिस्टिम या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला; शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. मालिकेतील जवळजवळ प्रत्येक खेळात भुयारे (खेळाडूंच्या बोलण्यात डंजन), पेट्या, हृदयपात्रे (नायकाचे आयुष्य, म्हणजे ‘हृदये’, कायमचे वाढवणाऱ्या वस्तू) आणि ‘रुपी’ नावाचे रत्नाच्या आकाराचे चलन आढळते.

उगमाविषयीची मते : एखादी वस्तू सापडल्यावरच पुढची वाट मोकळी होते, ही कल्पना झेल्डामध्ये कोठून आली याविषयी एकमत नाही. सर्वांत लोकप्रिय मत मियामोतो यांच्या स्वतःच्या आठवणींवर आधारलेले आहे. क्योतोजवळच्या सोनोबे या गावी बालपणी डोंगर-गुहांमध्ये भटकताना येणारा शोधाचा आनंद आपल्याला खेळात उतरवायचा होता, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. दुसरे मत आधीच्या खेळांकडे बोट दाखवते. अटारी यंत्रावरील वॉरन रॉबिनेट यांच्या ‘अॅडव्हेंचर’ या खेळात (१९८०, काही नोंदींत १९७९) किल्ली, पूल, चुंबक व तलवार अशा वस्तू होत्या, मात्र एका वेळी एकच हाती धरता येई. याच खेळात जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून नेल्यास गुप्त खोलीत रचनाकाराचे नाव वाचायला मिळत असे. ज्याचा खेळात काही उपयोग नाही आणि तरीही जे मिळवावेसे वाटते, अशा बक्षिसाचे हे जुन्यात जुन्या उदाहरणांपैकी एक मानावे लागेल. तिसरे मत नामको कंपनीच्या ‘द टॉवर ऑफ ड्रुआगा’ (१९८४) या खेळाला महत्त्व देते. मासानोबू एंदो यांनी रचलेल्या या खेळात साठ मजले असून बहुतेक मजल्यांवर एकेक पेटी दडलेली असते. ती प्रकट करण्याची अट मात्र खेळाडूला सांगितली जात नाही. काही पेट्यांतील वस्तू वगळल्या तर पुढे खेळ पूर्ण करणेच अशक्य होते, आणि काही वस्तू चक्क अपायकारक असतात. अशा अटी एकट्याने शोधणे दुरापास्त असल्याने जपानमधील व्हिडिओ खेळांच्या दुकानांत खेळाडू एकमेकांसाठी टिपणे ठेवत, असे सांगितले जाते. ‘हायडलाइड’ (१९८४) या संगणकीय खेळाचेही नाव या संदर्भात घेतले जाते, पण वस्तूंच्या बाबतीत त्याचा संबंध दूरचा दिसतो. बालपणाच्या आठवणीतून भटकंतीची भावना स्पष्ट होते, वस्तूंची व्यवस्था होत नाही. त्यामुळे निदान ‘लपलेले बक्षीस व त्याविषयीची सामूहिक चर्चा’ या अंगापुरते ड्रुआगाशी असलेले नाते अधिक संभाव्य वाटते. पहिल्या झेल्डामध्ये खेळाडूंनी आपसांत बोलून कोडी सोडवावीत ही मियामोतो यांची अपेक्षा होती, ही गोष्टही या मताला पूरक आहे.

पहिल्या खेळातील व्यवस्था : १९८६च्या खेळात नायकाला सुरुवातीस तलवारही नसते, पहिल्याच पडद्यावरील गुहेत एक वृद्ध ती देतो, पण ती घेण्याची सक्ती नाही. तलवारीला हात न लावता अखेरचा शत्रू गॅनॉन याच्यापर्यंत पोहोचण्याचे आव्हान चाहते आजही स्वीकारतात. पांढरी तलवार पाच व जादूची तलवार बारा हृदये असल्याशिवाय मिळत नाही. रुपींची कमाल संख्या २५५ असते, कारण ती संख्या संगणकाच्या स्मृतीतील एका बाइटमध्ये साठवलेली आहे. स्वतंत्र बाणसाठा नसल्याने प्रत्येक बाणागणिक एक रुपी खर्च होतो. वादाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या म्हणजे काही गुप्त गुहा, जेथे हृदयपात्र आणि लाल औषध यांपैकी एकच उचलता येते. पहिल्याने आयुष्य कायमचे वाढते, दुसऱ्याने ते केवळ भरून निघते. हृदयपात्रच घ्यावे याविषयी अनुभवी खेळाडूंमध्ये फारसा मतभेद नाही. प्रश्न असतो तो असा की, ज्याचे उत्तर उघड आहे ती निवड ठेवण्यात काय हशील. नवख्या, जखमी खेळाडूला मात्र त्या क्षणी औषधच मोलाचे वाटते, आणि रचनाकारांना बहुधा तोच मोह अभिप्रेत असावा. ‘लिंक्स अवेकनिंग’च्या रंगीत आवृत्तीत (१९९८) लाल व निळ्या अंगरख्यांपैकी एकाची निवड करावी लागते. लाल अंगरख्याने प्रहार वाढतो, निळ्याने बचाव, आणि तेथे मात्र मतभेद खरा आहे.

वस्तू ही किल्ली : ‘अ लिंक टू द पास्ट’ (१९९१) या खेळाने मालिकेची पुढील दोन दशकांची चौकट घालून दिली. प्रत्येक भुयारात एक मोठी पेटी, तीत एक नवे साधन, आणि त्याच साधनाने बहुधा त्या भुयाराच्या राक्षसाचा पराभव, असा हा क्रम. चार तुकड्यांचे एक हृदयपात्र होण्याची पद्धतही येथूनच सुरू झाली. या खेळात असे २४ तुकडे, ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये (१९९८) ३६ आणि ‘मजोराज मास्क’मध्ये (२०००) ५२ आहेत. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये (२००६) एका पात्रासाठी पाच तुकडे लागू लागले, तेव्हा बक्षीस पातळ केल्याची तक्रार झाली, एकूण हृदये पूर्वीइतकीच, म्हणजे वीस, असल्याने ही तक्रार हिशेबापेक्षा भावनेची अधिक होती. याच खेळातील ‘स्पिनर’ हे भिंतीच्या खाचांवरून सरकणारे चक्र आपल्या भुयारात अतिशय रंजक ठरते आणि त्याबाहेर फारसे उपयोगी पडत नाही. किल्लीवजा साधनांवरील आक्षेपाचे हे नेहमीचे उदाहरण होय. ‘ओकारिना’मधील बर्फाचे बाण त्याहून पुढचे आहेत. ते मिळवणे ऐच्छिक असून ते मिळेपर्यंत त्यांची गरज भासेल अशी जागाच खेळात उरलेली नसते. पेट्यांतील वस्तूंची अदलाबदल करणाऱ्या ‘रँडमायझर’ या चाहत्यांनी तयार केलेल्या प्रणालींमुळे या चर्चेला वेगळे वळण मिळाले. कोणती वस्तू किती दारे उघडते हे त्यांतून प्रत्यक्ष मोजता येऊ लागले आणि मूळ क्रमात दुय्यम वाटणाऱ्या कित्येक वस्तूंचे वजन नव्याने ठरले.

संग्रहाची बक्षिसे : मोठ्या संख्येने विखुरलेल्या वस्तू गोळा केल्यावर मिळणारे बक्षीस हा वादाचा सर्वांत जुना व चिवट विषय आहे. ‘लिंक्स अवेकनिंग’मध्ये (१९९३) गुप्त शिंपल्यांची संख्या २६ असून त्यांपैकी २० जमवल्यास अधिक शक्तिशाली तलवार मिळते, ही व्यवस्था सहसा आदर्श म्हणून दाखवली जाते, कारण सर्व शिंपले शोधण्याची गरज नाही आणि तलवार हाती आल्यावरही बराच खेळ शिल्लक राहू शकतो. याच्या उलट टोकाला ‘ओकारिना’तील सोनेरी कोळी आहेत. शापाने कोळी झालेल्या एका कुटुंबाची सुटका करण्यासाठी असे १०० कोळी मारावे लागतात. दहा व तीस कोळ्यांनंतर मोठ्या थैल्या, वीस कोळ्यांनंतर हादऱ्याने गुप्त जागा सांगणारा दगड आणि पन्नासांनंतर हृदयाचा तुकडा मिळतो, पण शंभर पुरे झाल्यावर हाती येतात ते फक्त २०० रुपी, आणि तेही खरेदी करण्यासारखे काही उरलेले नसताना. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये साठ भुतांचे आत्मे जमवल्यावरही असेच २०० रुपी मिळतात. बक्षीस क्षुल्लक होते, असे या उदाहरणांवरून म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हेच २०० रुपी खेळाच्या प्रारंभी मिळाले असते तर कोणी तक्रार केली नसती. येथे दोष रकमेचा नसून वेळेचा दिसतो. ‘मजोराज मास्क’मधील ‘फिअर्स डीटी’ मुखवटा याच निकषावर तपासता येतो. वीस साधे मुखवटे चंद्रावरील मुलांना दिल्यावर अखेरच्या लढाईच्या उंबरठ्यावर तो मिळतो आणि राक्षसांशी झुंजतानाच वापरता येतो. तरीही बहुतेक चाहते त्याला मालिकेतील उत्तम बक्षिसांत गणतात, कारण तो जेथे मिळतो तेथेच त्याचे काम असते. शेवटची लढाई त्याने फारच सोपी होते, हा त्यावरील मुख्य आक्षेप.

‘विंड वेकर’मध्ये (२००२) समुद्रतळातून ट्रायफोर्स या पवित्र त्रिकोणाचे आठ तुकडे काढण्यासाठी आधी आठ नकाशे शोधावे लागतात आणि मग टिंगल या पात्राकडून ते वाचून घेण्यासाठी प्रत्येकी ३९८ रुपी, म्हणजे एकूण ३,१८४ रुपी, मोजावे लागतात. वैकल्पिक संग्रहाऐवजी मुख्य कथेचाच भाग असलेले हे काम बक्षीस म्हणावे की जकात, असा प्रश्न तेव्हापासून विचारला गेला. २०१३च्या सुधारित आवृत्तीत पाच तुकडे थेट मिळू लागले आणि नकाशांची संख्या तीनवर आली. चाहत्यांची नाराजी रचनाकारांनी मान्य केली असा याचा अर्थ लावणे वाजवी आहे. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये थैली भरलेली असल्यास लिंक सापडलेले रुपी पुन्हा पेटीत ठेवून देत असे, तो प्रकारही २०१६च्या आवृत्तीत बंद झाला. ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये (२०११) खेळ नव्याने सुरू केला की तीच सामग्री उचलताना तिचे वर्णन पुन्हा दाखवले जाई, २०२१च्या आवृत्तीत तेही टळले.

भाडे, मोडतोड व बिया : ‘अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’ (२०१३) या खेळात बहुतेक साधने भुयारांतील पेट्यांऐवजी राव्हियो या दुकानदाराकडून भाड्याने घ्यावी लागतात. नायक मेला की ती परत जातात. पुढे ती विकतही घेता येतात. भुयारांचा क्रम खेळाडूच्या हाती आला याचे स्वागत झाले, तर भुयारातील मोठी पेटी उघडण्याची उत्कंठा गेली याची खंतही व्यक्त झाली. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने (३ मार्च २०१७) हा तिढा अधिक तीव्र केला. त्यातील शस्त्रे ठरावीक वापरानंतर मोडतात, आणि शस्त्रांची जागा भरलेली असेल तर पेटीतील शस्त्र घेताच येत नाही. मोडणारे बक्षीस हे बक्षीसच नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते मोडतोड नसती तर दुसऱ्या दिवसापासून पेट्या उघडण्याचे कारणच उरले नसते. ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’मध्ये (१२ मे २०२३) शस्त्राला राक्षसांची शिंगे वा अन्य वस्तू जोडण्याची सोय आल्यावर पहिल्या पक्षाचा जोर कमी झाला, तो पूर्णपणे ओसरला नाही.

शस्त्रे ठेवण्याच्या जागा वाढवण्यासाठी कोरोक नावाच्या वनवासी जिवांकडून बिया मिळवाव्या लागतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये अशा ९०० बिया असून सर्व जागा मिळवण्यास ४४१ पुरतात. सर्वच्या सर्व नेऊन दिल्यास हेस्टू हे पात्र सोनेरी, वळीदार, उघडउघड विष्ठेच्या आकाराची एक भेट देते, जिचा उपयोग एवढाच की मागाल तेव्हा हेस्टू नाचून दाखवतो. काहींनी ही फसवणूक मानली. काहींनी जपानमध्ये शुभचिन्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या तशाच सोनेरी आकृतींची आठवण करून दिली. सर्व बिया प्रत्येकाने जमवाव्यात अशी अपेक्षा नव्हती, कोणत्याही वाटेने गेले तरी पुरेशा मिळाव्यात म्हणून संख्या मोठी ठेवली, असे निर्मात्यांच्या बाजूचे साधारण म्हणणे आहे. ४४१ या आकड्यामुळे ते पटण्यासारखे वाटते. पुढील खेळात बियांची संख्या १,००० झाली आणि अखेरची भेट मात्र तीच राहिली, यावरून चेष्टेचा हेतू निःसंशय ठरतो.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये देवळांतून मिळणाऱ्या चार गोलकांच्या बदल्यात एक हृदयपात्र किंवा दमाची वाढ, यांपैकी एक निवडता येते. देवळे १२० असल्याने अशा तीसच निवडी होतात आणि दोन्ही गोष्टी पूर्ण भरणे शक्य नसते. मास्टर स्वोर्ड ही मालिकेतील प्रसिद्ध तलवार उपसण्यास तेरा हृदये लागत असल्यामुळे दम वाढवत गेलेल्या खेळाडूची अडचण होते. तिच्यावर उतारा म्हणून हातेनो गावाजवळची शिंगवाली मूर्ती एक पात्र १०० रुपींना घेऊन दुसरे १२० रुपींना विकते. सर्व देवळे पूर्ण केल्यावर पहिल्या खेळाची आठवण करून देणारा हिरवा पोशाख मिळतो. ‘टिअर्स’मध्ये १५२ देवळांनंतर मिळणाऱ्या प्राचीन वीराच्या रूपाविषयी मात्र चर्चा झाली ती उपयोगापेक्षा त्या वीराच्या ओळखीची.

अमिबो या विकत मिळणाऱ्या बाहुल्यांद्वारेच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जुन्या खेळांतील पोशाख मिळत, त्यामुळे बक्षीस कमवायचे की विकत घ्यायचे असा वेगळा वाद उद्भवला. ‘टिअर्स’मध्ये त्यांतील अनेक पोशाख भूगर्भातील पेट्यांत ठेवण्यात आले. खेळ ‘पूर्ण’ केव्हा झाला म्हणावे, हा प्रश्नही बक्षिसांशी निगडित आहे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या नकाशावर गॅनॉनच्या पराभवानंतर दिसणाऱ्या टक्केवारीत एक बी सुमारे ०.०८ टक्के भरते, म्हणजे बियांचाच वाटा ७० टक्क्यांहून अधिक होतो, तर पोशाख व गावकऱ्यांनी सोपवलेली कामे मोजलीच जात नाहीत. त्यामुळे कमीत कमी वेळात खेळ संपवणाऱ्यांमध्ये ‘शंभर टक्के’ म्हणजे नकाशावरचा आकडा की खेळातील सर्व कामे, याविषयी दोन मते आहेत.