कातडे

प्राण्याच्या अंगावरचे जिवंत आवरण आणि ते सोलून कमावल्यावर मिळणारा टिकाऊ पदार्थ, या दोन्हींना मराठीत हा एकच शब्द चालतो. शारीरविज्ञानात पहिल्या अर्थी ‘त्वचा’ रूढ आहे, तर व्यापारात दुसऱ्या अर्थी ‘चामडे’. वैद्यकात ‘त्वचारोग’ आणि ‘चर्मरोग’ दोन्ही शब्द आढळतात.

‘कातडे’ची व्युत्पत्ती बहुधा संस्कृत ‘कृत्ति’ (कातडे) या शब्दावरून देतात. शंकराच्या ‘कृत्तिवास’ या नावात तोच शब्द आहे. सापाची ‘कात’ही त्याच कुळातली असावी. विड्यातला कात मात्र वेगळा. तो खैराचे लाकूड उकळून काढतात, म्हणून ‘क्वाथ’ म्हणजे काढा हे मूळ अधिक सयुक्तिक वाटते. या कातातही टॅनिन हा तुरट पदार्थ असतो व त्याने कातडी कमावता येतात, पण एवढ्यावरून दोन्ही शब्दांचे नाते जोडू नये.

प्राणिविज्ञानाच्या दृष्टीने कात आणि कमावलेले कातडे हे एकाच त्वचेचे दोन निराळे थर होत. साप टाकतो तो बाह्यत्वचेचा मृत, केराटिन या प्रथिनाने युक्त भाग. चर्मकार ठेवतो ती अंतस्त्वचा. चुन्याच्या निवळीत भिजवल्यावर केस व बाह्यत्वचा सुटतात. आतल्या बाजूचे मांस-चरबी खरवडून काढतात. उरते ते कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे. कच्च्या स्थितीत ते ओले असता कुजते, सुकले की ताठरते आणि सुमारे ६०° से. तापलेल्या पाण्यात आकसते. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिन तंतूंना बांधून ठेवते, त्यामुळे कातडे कुजत नाही व अधिक उष्णता सोसते. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात सालीचा काढा भरून टांगत.

कोल्हापुरात या पदार्थाचे सर्वपरिचित रूप म्हणजे पायताण (‘पादत्राण’चे तद्भव). तळासाठी म्हशीचे जाड कातडे लागते. वेणीला शेळीचे पातळ. तळ, पट्टा, अंगठा, कान, वेणी, गोंडा ही अंगांची नावे. यांतली निम्मी देहाचीच आहेत. ‘कापशी’ हा प्रकार कागल तालुक्यातील गावावरून ओळखला जातो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना लागू आहे.