लहान पक्षी जाळीवर भाजणे (तिखट-गोड मुरवणासह)

सुमारे एक किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचा कोवळा कोंबडा वा कोंबडी, लावा किंवा कबुतराचे पिल्लू अखंड अथवा पाठीतून चिरून सपाट करून, तिखट, गोड, आंबट व खारट घटकांच्या मिश्रणात मुरवून निखाऱ्यांवर किंवा गॅसच्या ज्वालेवर ठेवलेल्या जाळीवर भाजण्याची पाकक्रिया. मुरवणात निरनिराळ्या खाद्यपरंपरांतील घटक एकत्र आले (उदा., सोया सॉस व धुरी दिलेली मेक्सिकन मिरची, किंवा मध व गोचुजांग ही मिरचीची आंबवलेली कोरियन चटणी), म्हणजे त्यास ‘फ्यूजन’ मुरवण म्हणतात. पक्षी लहान असणे ही येथे केवळ वाढण्याची सोय नाही. साखर करपण्याच्या आत मांस शिजले पाहिजे, ही या क्रियेची मुख्य अडचण असून ती लहान पक्ष्याच्या बाबतीतच सहज सुटते.

पक्षी व त्यांची वर्गवारी : व्यापारात ‘लहान पक्षी’ या नावाखाली मुख्यतः कोंबडीची पिल्लेच येतात. फ्रान्समध्ये त्यांना ‘पूसां’ किंवा ‘कोक्ले’ म्हणतात. यूरोपीय संघाच्या २००८ च्या विपणन नियमांनुसार डोके, पाय व आतील अवयव वगळून ६५० ग्रॅ.पेक्षा कमी वजन असलेल्या कोंबडीला हे नाव लावता येते. ६५० ते ७५० ग्रॅ. वजनाच्या पक्ष्यालाही ते चालते, मात्र कापतेवेळी त्याचे वय २८ दिवसांपेक्षा अधिक असता कामा नये. अमेरिकेत ‘कॉर्निश गेम हेन’ हे नाव रूढ आहे. तेथील कृषी खात्याच्या सध्याच्या व्याख्येप्रमाणे पाच आठवड्यांपेक्षा कमी वयाचा आणि साफ केल्यावर दोन पौंडांपेक्षा (सु. ९०७ ग्रॅ.) अधिक वजन न भरणारा पक्षी त्यात बसतो. व्याख्येत ‘नर किंवा मादी’ असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नावात ‘हेन’ असली तरी ती कोंबडी असेलच असे नाही, आणि ‘गेम’ असले तरी ही शिकार नव्हे. जपानी लावा याहून बराच लहान असून साफ केल्यावर तो साधारणपणे १०० ते १५० ग्रॅ. भरतो. कबुतराच्या पिल्लाचे मांस गडद व अधिक स्निग्ध असते.

कॉर्निश पक्ष्याच्या उगमाविषयीचा वाद : या पक्ष्याच्या नावाने बराच गोंधळ माजवला आहे. ‘कॉर्निश’ ही मूळ जात इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाली, याबद्दल फारसे दुमत नाही. ती सर वॉल्टर गिल्बर्ट यांनी तयार केली, असे परंपरेने सांगितले जाते. भारतातील असील हा झुंजीचा कोंबडा आणि इंग्लिश झुंज कोंबडा यांच्या संकरातून ती निघाली. काहींच्या मते त्यात मलाय जातीचेही रक्त आहे. ब्रिटनमध्ये तिला आजही ‘इंडियन गेम’ म्हणतात (येथे ‘गेम’ म्हणजे झुंजीचा कोंबडा). झुंजीसाठी ही जात निरुपयोगी ठरली. आखूड पाय, रुंद बांधा आणि वजनदार छाती यांमुळे तिची चपळाई गेली, पण त्याच गुणांमुळे ती पुढे मांसासाठीच्या संकरांचा आधार बनली. अमेरिकन कुक्कुट संघटनेच्या मानकांत तिचा समावेश १८९३ मध्ये झाला, तो ‘कॉर्निश इंडियन गेम’ या नावाने. ‘इंडियन’ व ‘गेम’ हे शब्द तेथे पुढे गळाले.

खरा वाद आहे तो छोट्या, ताटात मावणाऱ्या पक्ष्याबद्दल. एका मतानुसार कनेक्टिकट राज्यातील पॉम्फ्रेट येथे झाक व आल्फोन्सिन मकॉव्स्की या दांपत्याने १९५० च्या दशकात कॉर्निश कोंबडा व इतर जाती, विशेषतः पांढरी प्लिमथ रॉक कोंबडी, यांच्या संकरातून तो तयार केला. दुसऱ्या मतानुसार तो अर्कान्सॉ येथील कुक्कुट उद्योजक डॉन टायसन यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास आणला. कालक्रम पाहता पहिला दावा अधिक जुना ठरतो. दोन्ही दाव्यांत मुळात वेगळ्या गोष्टींचे श्रेय घेतलेले दिसते. मकॉव्स्कींनी संकर घडविला आणि नाव रूढ केले. टायसन यांचे कर्तृत्व व्यापारी स्वरूपाचे होते : नेहमीची कोंबडी लवकर कापून, वजनावर न विकता नगावर विकणे. आज बाजारात या नावाने मिळणारा पक्षी बहुतांशी मांसल संकरित कोंबडीचे लवकर कापलेले पिल्लूच असतो, त्यामुळे व्यवहारात टायसन यांची पद्धत टिकली आणि मकॉव्स्कींचे नाव टिकले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

चिरून सपाट करणे : पाठीचा कणा कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढायचा, पक्षी उताणा करून छातीवर तळहाताने दाब द्यायचा, ‘कट्’ असा आवाज होऊन उरोस्थी मोडते आणि पक्षी उघडलेल्या पुस्तकासारखा पसरतो. या पद्धतीला इंग्रजीत ‘स्पॅचकॉक’ म्हणतात. या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या बोलीभाषेच्या कोशात हा ‘डिस्पॅच कॉक’ याचा संक्षेप मानला असून, अचानक पाहुणे आले असता खुराड्यातला पक्षी तेथल्या तेथे मारून, सोलून, चिरून भाजण्याचा हा आयरिश प्रकार असल्याची नोंद आहे. दुसरे मत ‘स्पिचकॉक’ या त्याहून जुन्या शब्दाकडे बोट दाखविते. तो शब्द मात्र चिरून भाजलेल्या वाम माशासाठी वापरीत. ग्रोस यांची कथा रंजक आहे, आणि रंजक व्युत्पत्त्यांबाबत जी सावधगिरी बाळगावी लागते ती येथेही बाळगणे बरे. तथापि ‘स्पिचकॉक’चे मूळही स्पष्ट नसल्याने पहिले मत सरळ बाद करता येत नाही. ऑस्ट्रेलियात ‘स्पॅचकॉक’ हे क्रियेचे नाव राहिले नसून कोवळ्या कोंबडीचेच नाव झाले आहे.

ही युक्ती एकाच देशाची नाही. फ्रेंच पाकशास्त्रात सपाट केलेल्या पक्ष्याला बेडकाच्या आकारावरून ‘क्रापोदीन’ म्हणतात. जॉर्जियातील ‘तापाका’ व इटलीतील ‘मात्तोने’ (वीट) या प्रकारांत सपाट पक्ष्यावर वजन ठेवून तो भाजतात. हेतू सर्वत्र एकच : छाती व मांडी यांची जाडी शक्य तितकी सारखी करणे.

मुरवण व ‘फ्यूजन’ : ‘मॅरिनेड’ या शब्दाचा संबंध समुद्रवाचक लॅटिन धातूशी असून मूळ अर्थ खारे पाणी. पक्ष्याच्या मांसाला गोड, आंबट व तिखट यांची एकत्र जोड देण्याची कल्पना मात्र मिरचीपेक्षा जुनी आहे. अपिशियस याच्या नावावर चालत आलेल्या रोमन पाककृतिसंग्रहात पक्ष्यांसाठी मिरी, मध, व्हिनेगर व माशांपासून केलेले खारे द्रव (लिक्वामेन) यांचे सॉस आहेत. इराणी मूळ असलेल्या ‘सिकबाज’ या पदार्थात व्हिनेगरच्या जोडीला मध किंवा खजुराचा काकवीसारखा रस घालीत. स्पॅनिश ‘एस्काबेचे’ हा शब्द त्यावरूनच आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एस्काबेचेमध्ये लावा किंवा तित्तिर आधी शिजवून मग आंबट द्रवात मुरवितात, म्हणजे क्रम नेमका उलटा.

१४९२ नंतर अमेरिकेतील मिरची जगभर पसरली. पोर्तुगीजांमुळे आफ्रिकेत पोचलेल्या मिरचीतून अंगोला व मोझँबिक येथे ‘पिरीपिरी’ कोंबडी उभी राहिली. तिच्यासाठी लहान पक्षी सपाट करूनच घेतात. जपानी ‘तेरियाकी’ (तेरी म्हणजे चकाकी, याकी म्हणजे भाजणे) हा सोया सॉस, मिरिन (तांदळाचे गोड मद्य) व साखर यांचा लेप जपानी स्थलांतरितांबरोबर हवाईत गेला आणि तेथे त्यात अननस, आले व तपकिरी साखर यांची भर पडली. १९५५ मध्ये अर्नेस्ट मोर्गादो यांनी हवाईत शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात अशाच सॉसमधील कोंबडी वाढली व तिला ‘हुली-हुली’ (उलटा, उलटा) हे नाव मिळाले, कारण दोन जाळ्यांमध्ये धरलेले पक्षी एकदमच उलटवीत. ‘फ्यूजन’ हा शब्द पाकशास्त्रात आणण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन पाकतज्ज्ञ नॉर्मन व्हॅन एकन यांना देतात व त्याचा काळ १९८० च्या दशकाच्या अखेरीचा सांगतात. शब्द तेव्हाचा असेल. व्यवहार चारशे वर्षांहून जुना आहे, हे वरील उदाहरणांवरून दिसते.

मुरण्याची क्रिया : मुरवण मांसात ‘आतपर्यंत’ जाते, हा समज सर्वांशी खरा नाही. मीठ हाच खऱ्या अर्थाने आत शिरणारा घटक होय. त्यातील आयनांमुळे स्नायूंतील प्रथिने फुगतात, त्यांपैकी मायोसीन हे प्रथिन अंशतः विरघळते आणि भाजताना मांस पाणी धरून ठेवते. पाणी केवळ तर्षणाने (पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे पाणी वाहण्याने) आत ओढले जाते, हे जुने स्पष्टीकरण अपुरे आहे. साखर, लसणातील व आल्यातील सुगंधी द्रव्ये आणि मिरचीतील कॅप्सायसिन ही मात्र पृष्ठभागाजवळ काही मिलिमीटरांच्या आतच राहतात. कॅप्सायसिन मेदात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही; म्हणून मुरवणात थोडे तेल नसेल, तर तिखट एकसारखे पसरत नाही. जाड तंगडीच्या पक्ष्यात हा पृष्ठभागाचा थर मांसाच्या मानाने नगण्य ठरतो, लाव्यात मात्र प्रत्येक घासात येतो.

विसरण (घटक मांसात पसरत जाणे) व ऊष्मावहन (उष्णता आत पोचणे) या दोन्ही क्रियांना लागणारा वेळ स्थूलमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. त्यामुळे लाव्याला दोन-तीन तास मुरवण पुरते, सपाट केलेल्या छोट्या कोंबडीला रात्रभर लागू शकते. आंबट घटक अधिक असल्यास मात्र हा हिशोब मोडतो : आम्लाने पृष्ठभागावरील प्रथिने आधीच गोठतात व मांस भुसभुशीत लागते. कच्चे अननस (ब्रोमेलिन), पपई (पपाइन), किवी (ॲक्टिनिडिन) व आले यांत प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइमे) असतात. ती अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त ठेवल्यास लहान पक्ष्याचा पृष्ठभाग पिठूळ होतो. डबाबंद अननसात उष्णतेने हे विकर निकामी झालेले असल्याने तसा धोका नसतो.

तिखट व गोड यांची सांगड केवळ रुचीची नाही. साखरेने मिरचीचा दाह कमी जाणवतो. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मिरचीचा तिखटपणा मोजण्याची जी पद्धत मांडली, तीत मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यातच विरळ करीत जातात, दाह जाणवेनासा होईपर्यंत. सस्तन प्राण्यांत कॅप्सायसिन ज्या ग्राहीवर (चेतापेशीतील संवेदक प्रथिनावर) काम करते, तो पक्ष्यांत त्याला जवळजवळ दाद देत नाही; ज्या कोंबडीला मिरचीत मुरवितात, तिला जिवंतपणी ती तिखट लागलीच नसती.

भाजणे : मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के व ग्लुकोज सुमारे ३१ टक्के असते. फ्रुक्टोजाचे कॅरॅमलीकरण (तापून तपकिरी होणे) ११० °से.च्या आसपास सुरू होते, तर साध्या साखरेचे १६० °से.च्या सुमारास. शिवाय मधातील या दोन्ही शर्करा क्षपणकारी (सहज विक्रिया करणाऱ्या) असल्याने अमिनो अम्लांशी त्यांची मायलार्ड विक्रियाही (तपकिरी रंग व भाजका स्वाद देणारी) लवकर होते. सोया सॉसमध्ये अमिनो अम्ले भरपूर असतात. म्हणजे मध व सोया सॉस यांचे मुरवण जितके लवकर रंग धरते, तितकेच लवकर करपते. यावर रूढ उपाय म्हणजे मुरवण पुसून काढून पक्षी निम्म्याहून अधिक वेळ मंद भागावर झाकून भाजणे आणि गोड लेप शेवटच्या पाच-दहा मिनिटांत कुंचल्याने दोन-तीन हातांत लावणे. त्यासाठी निखारे शेगडीच्या एका बाजूला सारून दुसरी बाजू मोकळी ठेवतात.

लेपाची खूण डोळ्यांनी कळते. पहिला हात ओघळतो. मग कातडीवर बारीक, घाईचे बुडबुडे उठतात. हे पाणी उडण्याचे लक्षण. बुडबुडे मोठे व संथ झाले आणि फुटताना पृष्ठभाग काचेसारखा चकाकू लागला, की दुसरा हात लावायचा. कडेने निळसर धूर निघाला तर उशीर झाला आहे, आणि ती कडू चव कशाने झाकत नाही. सपाट केलेल्या छोट्या कोंबडीला मध्यम आचेवर सुमारे अर्धा तास लागतो, लाव्याला आठ ते दहा मिनिटे. कातडीची बाजू शेवटी खाली घेतात.

सुरक्षितता व आरोग्य : अमेरिकन कृषी खाते सर्व कुक्कुटमांसासाठी आतील तापमान किमान ७४ °से. (१६५ °फॅ.) सांगते, ते मांडीच्या आतल्या बाजूस, हाडाला न टेकवता मोजतात. लाव्याची छाती किंचित गुलाबी वाढण्याची पद्धत अनेक उपाहारगृहांत आहे, ती या निकषात बसत नाही. कच्चे मांस बुडविलेले मुरवण उकळल्याशिवाय लेपासाठी वापरत नाहीत.

तीव्र आचेवर मांस भाजताना विषमवलयी ॲमिने ही कर्करोगजन्य असू शकणारी संयुगे तयार होतात. मुरवणामुळे ती घटतात असे सरसकट सांगितले जाते, पण गोड मुरवणाबाबत चित्र तितके सरळ नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तपकिरी साखर, तेल, व्हिनेगर, लसूण, मोहरी व लिंबू यांत मुरविलेल्या कोंबडीच्या छातीत या गटातील एका प्रमुख संयुगाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र ३० व ४० मिनिटे भाजलेल्या तुकड्यांत दुसरे एक संयुग दहापटींहून अधिक वाढलेले आढळले. त्याहून कमी वेळ भाजलेल्या तुकड्यांत ही वाढ दिसली नाही. प्रयोग छातीच्या अखंड तुकड्यांवर झाला होता, कातडीसह भाजलेल्या लहान पक्ष्यांवर नव्हे.