भाषिक कार्ये आणि व्याकरणरचना : इंग्रजीची मध्यम पातळी

विनंती, नकार, सल्ला, तक्रार, दिलगिरी, अंदाज, आश्वासन अशा ज्या गोष्टी माणूस बोलण्यातून करतो, त्यांना भाषिक कार्ये म्हणतात. त्यांसाठी भाषेत तयार असलेले काळ, साहाय्यक क्रियापदे, उपवाक्ये, प्रयोग इ. साचे म्हणजे व्याकरणरचना. इंग्रजीच्या मध्यम पातळीवर, म्हणजे आजच्या युरोपीय श्रेणीतील बी १ व बी २ या टप्प्यांवर, या दोहोंची सांगड घालणे हे अभ्यासक्रमाचे मुख्य काम असते. आरंभीच्या पातळीवर एका कामाला एक वाक्य पुरते. पुढे त्याच कामाला चार वाक्ये उपलब्ध होतात आणि कोणापुढे कोणते वापरावे हा प्रश्न उभा राहतो.

मराठीत ‘फंक्शन’साठी ‘कार्य’ व ‘प्रयोजन’ असे दोन्ही शब्द चालू शकतात. ‘प्रयोजन’ हा शब्द संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाऐवजी त्याच्याशी संबंधित अर्थ घेण्याच्या, संदर्भात पारिभाषिक झालेला असल्याने येथे ‘कार्य’ हा शब्द स्वीकारला आहे. त्यामागची कल्पना मात्र त्या शास्त्राला अपरिचित नव्हती. ‘गतोऽस्तमर्कः’, म्हणजे सूर्य मावळला, हे एकच वाक्य बोलणारा व ऐकणारा बदलला की कधी काम थांबवण्याची सूचना ठरते, तर कधी संध्यावंदनाची आठवण. व्यंजनेच्या, म्हणजे सूचित अर्थाच्या, चर्चेतील हे उदाहरण रूप आणि कार्य यांतील अंतर नेमके दाखवते.

आधुनिक कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. साधारणपणे तीन प्रवाह सांगितले जातात. पहिला मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्कीपासूनचा. त्याने १९२३ मधील निबंधात केवळ सलगी राखण्यासाठी होणाऱ्या बोलण्याकडे लक्ष वेधले. अर्थ प्रसंगात असतो हा त्याचा आग्रह जे. आर. फर्थ व पुढे एम. ए. के. हॅलिडे यांनी भाषाविज्ञानात रुजवला. दुसरा प्रवाह मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलरचा (१९३४). कथन, अभिव्यक्ती व आवाहन या त्याच्या तीन कार्यांत भर घालून भाषावैज्ञानिक रोमान याकबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सहा कार्ये मांडली. मॅलिनोव्स्कीचे सलगीचे कार्यही त्याने त्यांत सामावून घेतले. तिसरा प्रवाह तत्त्वज्ञांचा. जे. एल. ऑस्टिन यांची १९५५ मधील हार्वर्ड व्याख्याने मरणोत्तर १९६२ मध्ये ग्रंथरूपात आली आणि ‘बोलणे ही कृती आहे’ हा विचार जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये सविस्तर मांडला.

शालेय व प्रौढ शिक्षणात आज ज्याला ‘फंक्शन’ म्हणतात ते थेट ऑस्टिन-सर्ल यांच्याकडून आले, असे अनेकदा लिहिले जाते. हे पूर्णपणे मान्य करणे कठीण आहे. कार्यांना क्रियापदांवरून नावे देण्याची पद्धत त्या परंपरेशी जुळते. पण वर्गीकरण जुळत नाही. सर्ल यांच्या पाच वर्गांत घोषणात्मक कृतींचा, म्हणजे ज्यांच्या उच्चारानेच वस्तुस्थिती बदलते अशा कृतींचा, स्वतंत्र वर्ग आहे. अध्यापनाच्या याद्यांमध्ये तो नाही. उलट ‘सामाजिक व्यवहार’ हा त्या याद्यांतील वर्ग मॅलिनोव्स्कीच्या कल्पनेला अधिक जवळचा आहे. डेल हाइम्स यांची ‘संप्रेषणक्षमता’, म्हणजे प्रसंगाला साजेशी भाषा वापरण्याची क्षमता, ही संकल्पना (१९६६ मधील व्याख्यान, १९७२ मध्ये प्रसिद्ध) याच सुमाराची. तिनेही वातावरण अनुकूल केले असावे. एकंदरीत हा अनेक मुळांचा संकर मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अध्यापनातील आरंभ तुलनेने निश्चितपणे सांगता येतो. कौन्सिल ऑफ युरोपने (ही संस्था युरोपीय संघाहून वेगळी आहे) १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधील रुश्लिकॉन येथे परिसंवाद भरवला आणि प्रौढांच्या भाषाशिक्षणासाठी तज्ज्ञगट नेमला. डी. ए. विल्किन्स यांनी साधारण १९७२ पासून मांडलेली कल्पना १९७६ मध्ये ग्रंथरूपात आली. ती अशी की अभ्यासक्रमाचे एकक वाक्यरचना नसावे, शिकणाऱ्याला जे म्हणायचे आहे ते असावे. यान फान एक यांनी १९७५ मध्ये ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ हा उंबरठ्याच्या पातळीचा तपशील तयार केला. त्यात सहा वर्ग होते : माहिती देणे-घेणे, बौद्धिक वृत्ती, भावनिक वृत्ती, नैतिक वृत्ती, काम करवून घेणे आणि सामाजिक व्यवहार. पुढे १९९० चे नाव धारण करणाऱ्या सुधारित तपशिलात तिन्ही वृत्ती एकत्र आल्या. संभाषणाची बांधणी आणि अडलेल्या संभाषणाची दुरुस्ती हे दोन नवे वर्ग जोडले गेले. मध्यम पातळीसाठी हे दोन वर्ग सर्वांत मोलाचे ठरले, कारण या टप्प्यावर शिकणारा प्रथमच सलग बोलू लागतो. उंबरठ्याची ही पातळी म्हणजेच २००१ च्या सामाईक संदर्भचौकटीतील बी १. तिच्या वरची ‘व्हँटेज’ म्हणजे बी २.

आक्षेपही लवकरच आले. हेन्री विडोसन यांनी दाखवले की कार्यांची यादी ही रचनांच्या यादीइतकीच सुटी-सुटी असू शकते; तेवढ्याने संभाषण घडत नाही. मायकेल स्वॉन यांनी १९८५ मध्ये, परकी भाषा शिकणाऱ्याला विनंती म्हणजे काय हे मातृभाषेतून आधीच माहीत असते, याची आठवण करून दिली. हा मुद्दा बिनतोड आहे. शिकायची असते ती विनंती नव्हे, तिचे इंग्रजी रूप.

विनंतीच्या रूपांतच मध्यम पातळीचे मर्म दिसते. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद उरलेला नाही, त्यामुळे आदराचा भार क्रियापदावर पडतो. ‘कॅन यू’, ‘कुड यू’, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ या क्रमाने बोलणारा मागे-मागे सरकतो आणि ऐकणाऱ्याला नकाराची वाट मोकळी ठेवतो. येथील भूतकाळ काळाचा नसून अंतराचा आहे. मराठी भाषकाला हे परके वाटू नये. ‘तुमच्याकडे एक काम होतं’ किंवा ‘जरा बोलायचं होतं’ यांतला ‘होतं’ हेच काम करतो. ‘वुड यू माइंड’ची रचना अधिक फसवी आहे. तिच्यापुढे क्रियापदाचे ‘-इंग’ रूप येते आणि प्रश्न ‘हरकत आहे का’ असा असल्याने संमतीचे उत्तर ‘नो’ असे द्यावे लागते. ‘कुड यू टेल मी’नंतरच्या उपवाक्यात प्रश्नाचा उलटा शब्दक्रम राहत नाही : ‘व्हेअर इज ही’चे ‘व्हेअर ही इज’ होते.

सल्ल्यातही रूप आणि काळ यांची फारकत होते. ‘हॅड बेटर’ दिसायला भूतकाळी, पण रोख भविष्याकडे. ‘शुड’पेक्षा त्यात इशारा अधिक असल्याने मोठ्या अधिकाराच्या व्यक्तीला ते सहसा म्हणू नये. ‘सजेस्ट’पुढे व्यक्ती आणि ‘टू’ जोडणे ही हमखास होणारी चूक. योग्य रचना ‘-इंग’ची किंवा ‘दॅट’ उपवाक्याची.

अंदाजासाठी ‘मस्ट’, ‘मे’, ‘माइट’, ‘कान्ट’ ही उतरंड येते. ‘मस्ट बी’ या तर्काचा सर्वसाधारण नकार ‘कान्ट बी’ असतो, ‘मस्न्ट बी’ नव्हे. ‘मस्न्ट’ मनाईसाठी राखलेला. भूतकाळाविषयीचा तर्क ‘मस्ट हॅव’ आणि भूतकालवाचक धातुसाधित यांनी होतो. त्याच साच्यातील ‘शुड हॅव’ मात्र तर्काऐवजी बहुधा खंत किंवा ठपका व्यक्त करतो.

बातमी सांगण्याच्या कार्यात पूर्ण वर्तमानकाळाचा प्रश्न येतो. इंग्रजीत बातमीचे तोंड या काळाने उघडते आणि तपशील साध्या भूतकाळात जातो : ‘आय हॅव लॉस्ट माय की’, मग ‘आय लेफ्ट इट ऑन द बस’. मराठीत ‘ते काल आले आहेत’ हे निर्दोष वाक्य आहे. इंग्रजीत ‘यस्टरडे’सारख्या संपलेल्या वेळेच्या शब्दासोबत हा काळ साधारणतः चालत नाही. दोन भाषांत नाव एकच आणि मर्यादा वेगळ्या असल्याने ही चूक प्रगत पातळीपर्यंत टिकते.

अप्रत्यक्ष कथन हे प्रकरण बहुतेक व्याकरणांत काळबदलाच्या नियमांपुरते उरते. वास्तविक ते कार्यांचेच व्याकरण आहे. येथे प्रत्येक कार्याला स्वतःचे क्रियापद आणि प्रत्येक क्रियापदाला स्वतःचा साचा असतो : ‘अ‍ॅडव्हाइज’ला व्यक्ती व ‘टू’, ‘अपॉलजाइज’ला ‘फॉर’ व ‘-इंग’, ‘अक्यूज’ला व्यक्ती व ‘ऑफ’, ‘रिफ्यूज’ला थेट ‘टू’. ‘आय विल कॉल यू’ हे वाक्य ऐकणाऱ्याने ‘प्रॉमिस्ड’ म्हणून सांगायचे की ‘थ्रेटन्ड’ म्हणून, हे काळबदलाचा कोणताही नियम ठरवू शकत नाही. त्यासाठी कार्य ओळखावे लागते.

पुच्छप्रश्नांत, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या ‘इझन्ट इट’सारख्या प्रश्नांत, कार्य स्वरावर अवलंबून असते. शेवट चढत्या स्वरात असेल तर खरी विचारणा, उतरत्या स्वरात असेल तर होकाराची अपेक्षा. मराठीतील ‘ना’ बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा.