पाळी गेली म्हणजे सगळं संपलं?

“पाळी गेली, आता कसले ते चोचले!” लोकलच्या लेडीज डब्यात असो की गिरगावच्या चाळीत, हे इतकं ऐकू येतं की बायकांनाही ते खरं वाटू लागतं. खरं नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणतात. त्याने मूल होणं थांबतं, शरीरसंबंधाची इच्छा संपतेच असं नाही. (मुंबईत कित्येकदा अडचण हार्मोनची नसतेच. वन रूम किचन, बाहेर मुलगा-सून!)

संबंधावेळी दुखतं ते मात्र खरं. इस्ट्रोजेन हे हार्मोन घटल्याने योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं. मग आग होते, लघवीला जळजळही. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या पुढे ओसरतात, हा कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही. म्हणून ‘वयाचं आहे, सोसा’ हा सल्ला चुकीचा. केमिस्टकडे वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट, म्हणजे संबंधावेळी लावायचं पाण्यातलं वंगण, मिळतं. तो कागदात गुंडाळून देईल, देऊ दे. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, लॅटेक्स फाटतं. एवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ आतून लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

आणि पाळी गेल्यावर रक्ताचा डाग दिसला, एकदाच का होईना, तर तपासणी टाळू नका.